ॲमेझॉन पैसे कमावते कुठून आणि तिच्या साइटवर माल विकत होतं कोण? दोन्ही उत्तरं हिशेबाच्या तळटिपांमध्ये आहेत

१ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. त्या दिवशी सगळा देश टीव्हीसमोर बसून पीयूष गोयल यांचं अंतरिम बजेट बघत होता. त्याच दिवशी ॲमेझॉनच्या भारतातल्या साइटवर एक वेगळाच प्रकार सुरू होता. खूप सारा माल अचानक गायब झाला होता. ॲमेझॉनचे स्वतःचे एको स्पीकर, बॅटऱ्या, साफसफाईच्या वस्तू, शॉपर्स स्टॉपचे कपडे, काहीच मिळेना.

साइट हॅक झाली नव्हती की गोदामाला आग लागली नव्हती. त्या दिवसापासून एक सरकारी नियम लागू झाला होता, एवढंच.

मग आठवडाभरात बराचसा माल परत आला. विकणारी कंपनी तीच, साइट तीच, वस्तूही त्याच. मधल्या काळात बदलला होता फक्त एक आकडा. ४९ चे २४ झाले होते.

हा आकडा नेमका कशाचा, आणि तो बदलल्यामुळे बेकायदा ठरू शकणारी गोष्ट नियमात कशी बसली, हे समजून घ्यायचं असेल तर कंपन्यांच्या हिशेबातल्या दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. एक म्हणजे सेगमेंट रिझल्ट आणि दुसरी म्हणजे रिलेटेड पार्टी. नावं ऐकून सीएच्या अभ्यासक्रमातली वाटतील, पण विषय तसा सोपा आहे. तुम्ही ऑनलाइन खरेदी करत असाल, ऑनलाइन माल विकत असाल किंवा अशा कंपनीचे शेअर घेत असाल, तर विषय थेट तुमच्या खिशाचा आहे.

आधी सेगमेंट म्हणजे काय ते बघू

समजा, तुमच्या गल्लीत एक काका आहेत. त्यांचं किराणा दुकान आहे, बाजूला पिठाची गिरणी आहे आणि एक टेम्पो भाड्याने जातो. तिन्ही धंद्यांचा गल्ला एकच. वर्षाच्या शेवटी काका सांगतात, "पाच लाख सुटले."

आता हे पाच लाख नेमके कशातून सुटले? कदाचित दुकान तोट्यात असेल आणि गिरणीनेच सगळं तारलं असेल. काकांचं दुकान साखर इतकी स्वस्त कशी विकतं, असा प्रश्न समोरच्या दुकानदाराला पडला असेल, तर त्याचं उत्तर दुकानात नाही, गिरणीत सापडेल. पण एकत्र हिशेबात ते दिसणार नाही. त्यासाठी तिन्ही धंद्यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागेल. असा वेगळा मांडलेला हिशेब म्हणजे सेगमेंट रिझल्ट.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना हे बंधनकारक आहे. भारतात त्यासाठी इंड एएस १०८ हा हिशेबाचा नियम आहे. अमेरिकेत आणि जगात इतरत्रही जवळपास असेच नियम आहेत. कंपनी चालवणारी सर्वोच्च व्यक्ती धंद्याकडे जशी विभागणी करून बघते, तशीच विभागणी भागधारकांनाही दाखवायची, हे त्याचं मुख्य सूत्र. साधारणपणे एखाद्या विभागाची विक्री, नफातोटा किंवा मालमत्ता एकूणाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वेगळा दाखवावा लागतो.

या सूत्रातच एक पळवाटही आहे. विभागणी कशी करायची हे शेवटी कंपनीच ठरवते. ते पुढे बघूच.

ॲमेझॉनने पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा

२०१५ पर्यंत ॲमेझॉनबद्दल एक ठरलेलं मत होतं. कंपनी प्रचंड विकते, पण कमवत काहीच नाही. २०१४ साली तर तिला २४.१ कोटी डॉलरचा तोटा झाला होता. ती दोनच विभाग दाखवायची, उत्तर अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय. दुसऱ्या कंपन्यांना सर्व्हर आणि साठवणुकीची जागा भाड्याने देणारा तिचा क्लाउडचा धंदा, म्हणजे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस उर्फ एडब्ल्यूएस, हिशेबात 'इतर' या रकान्यात दडलेला असायचा. तो नफ्यात आहे की तोट्यात, यावर नुसते अंदाज चालायचे.

२३ एप्रिल २०१५ रोजी कंपनीने पहिल्यांदा एडब्ल्यूएसचे आकडे वेगळे दाखवले. तीन महिन्यांत १.५७ अब्ज डॉलरची विक्री आणि २६.५ कोटी डॉलरचा ऑपरेटिंग नफा. ऑपरेटिंग नफा म्हणजे धंदा चालवण्याचा सगळा खर्च वजा जाता उरलेली रक्कम. व्याज, कर, गुंतवणुकीतला नफातोटा हे सगळं त्यानंतर येतं.

गंमत म्हणजे त्या तिमाहीत अख्खी कंपनी ५.७ कोटी डॉलरच्या निव्वळ तोट्यात होती. तरीही दुसऱ्या दिवशी तिचा शेअर सुमारे १४ टक्के वर गेला. एका रात्रीत ना गिऱ्हाईक वाढलं होतं, ना धंदा बदलला होता. एकत्र हिशेबाचे भाग वेगळे करून दाखवले गेले, एवढंच.

आता अलीकडचे आकडे बघा. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.)

२०२२ सालचा ऑपरेटिंग नफातोटा:
- उत्तर अमेरिका: २.८ अब्ज डॉलर तोटा
- आंतरराष्ट्रीय: ७.७ अब्ज डॉलर तोटा
- एडब्ल्यूएस: २२.८ अब्ज डॉलर नफा
- एकूण: १२.२ अब्ज डॉलर नफा

२०२४ सालचा:
- उत्तर अमेरिका: ३८७.५ अब्ज डॉलर विक्री, २५ अब्ज नफा
- आंतरराष्ट्रीय: १४२.९ अब्ज विक्री, ३.८ अब्ज नफा
- एडब्ल्यूएस: १०७.६ अब्ज विक्री, ३९.८ अब्ज नफा
- एकूण: ६३८ अब्ज विक्री, ६८.६ अब्ज नफा

२०२२ मध्ये घरपोच खोकी पोचवणारे दोन्ही विभाग तोट्यात होते. कंपनी तरली ती निव्वळ सर्व्हरच्या भाड्यावर. २०२४ मध्ये तिन्ही विभाग नफ्यात आले, तरी विक्रीत जेमतेम १७ टक्के वाटा असलेल्या एडब्ल्यूएसने एकूण नफ्यातला ५८ टक्के वाटा उचलला. १०० डॉलरच्या विक्रीमागे एडब्ल्यूएसला ३७ डॉलर सुटतात, तर आंतरराष्ट्रीय विभागाला तीनपेक्षाही कमी.

म्हणजे काकांच्या गोष्टीतली गिरणी सापडली. बाहेरच्या देशांमध्ये वर्षानुवर्षं तोटा सोसत धंदा वाढवायची ताकद कुठून येते, हे या तीन ओळींवरून कळतं. याचा अर्थ ॲमेझॉन मुद्दाम तोट्यात माल विकून दुकानदारांना संपवते, हे यातून सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला वेगळे पुरावे लागतात. पण फक्त दुकानावर पोट असलेला व्यापारी आणि ज्याच्या मागे गिरणी आहे असा व्यापारी यांच्यातली स्पर्धा कशी असेल, हे मात्र कळतं.

सेगमेंट काय दाखवत नाही?

या तक्त्यात भारत शोधून बघा. सापडणार नाही.

भारत 'आंतरराष्ट्रीय' या विभागात ब्रिटन, जर्मनी, जपान अशा देशांबरोबर एकाच पोत्यात भरलेला आहे. देशवार विक्रीचा एक छोटा तक्ता कंपनी देते. त्यात अमेरिका, जर्मनी, ब्रिटन आणि जपान एवढीच नावं आहेत. बाकीचं सगळं जग 'उर्वरित' या एका ओळीत. भारतात किती कमावलं, किती गमावलं, हे अमेरिकेतल्या अहवालात वेगळं दिसत नाही. फ्लिपकार्टचंही तेच. २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून ती ताब्यात घेतली आणि तेव्हापासून फ्लिपकार्टचा हिशेब 'वॉलमार्ट इंटरनॅशनल' या विभागाच्या पोटात जातो.

जाहिरातींचंही तसंच. साइटवर काही शोधलं की वरच्या ओळीत 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेल्या वस्तू दिसतात ना, त्या जागेसाठी विक्रेते पैसे मोजतात. २०२४ मध्ये ॲमेझॉनला जाहिरातींतून ५६.२ अब्ज डॉलर मिळाले. पण त्यातून नफा किती झाला, हे ती वेगळं सांगत नाही. तो खोकी पोचवण्याच्या हिशेबात मिसळून जातो. त्यामुळे 'दुकानदारी आता नफ्यात आली' असं कुणी म्हटलं, तर त्यातला किती नफा वस्तू विकून आला आणि किती जाहिरातींतून, हा प्रश्न उरतोच.

शिवाय मोजपट्टीही बदलते. वर सांगितलेला २०१५ च्या पहिल्या तिमाहीतला एडब्ल्यूएसचा २६.५ कोटी डॉलरचा नफा आठवतोय? वर्षभराने कंपनीने त्याच तिमाहीचा आकडा १९.५ कोटी दाखवला. आधीच्या हिशेबात कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च विभागांवर टाकला जात नव्हता. २०१६ पासून तो टाकायला सुरुवात झाली. महिने तेच, धंदा तोच, नफा मात्र सात कोटींनी कमी. यात फसवणूक काही नाही, बदल उघडपणे सांगितलेला होता. पण विभागाचा नफा हा थोडा मोजणाऱ्यावरही अवलंबून असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

आता रिलेटेड पार्टी

तुमच्या सोसायटीला रंग द्यायचा आहे. सेक्रेटरी कंत्राट देतात आपल्या मेहुण्याला. मेहुणा काम चांगलं करेलही, दरही रास्त लावेल. पण सेक्रेटरींनी हे नातं सभेत सांगितलं पाहिजे की नाही? आणि मंजुरीसाठी मतदान झालं, तर त्यांनी स्वतः हात वर करावा का?

कंपन्यांच्या जगात या मेहुण्याला रिलेटेड पार्टी म्हणतात, म्हणजे संबंधित पक्ष. यात कोण कोण येतं? मूळ कंपनी, उपकंपन्या, संयुक्त भागीदारीतल्या कंपन्या, लक्षणीय हिस्सा असलेल्या कंपन्या, संचालक आणि बडे अधिकारी, त्यांचे जवळचे नातेवाईक आणि या लोकांच्या ताब्यातल्या इतर कंपन्या.

असे व्यवहार करणं हा गुन्हा नाही. मोठ्या उद्योगात ते होतच असतात. अट एवढीच की ते लपवायचे नाहीत. भारतात इंड एएस २४ या नियमानुसार ते हिशेबात उघड करावे लागतात. कंपनी कायद्याचं कलम १८८ आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीचे नियम आहेत. असे व्यवहार ऑडिट समितीपुढे ठेवावे लागतात. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली, तर भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षाला त्या ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. म्हणजे मेहुण्याच्या कंत्राटाला सेक्रेटरींचं मत चालत नाही.

हे नियम किती कामाचे आहेत, हे भारताने डिसेंबर २००८ मध्ये पाहिलं. सत्यम कॉम्प्युटर्सने रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. गुंतवणूकदार इतके भडकले की काही तासांतच तो बेत मागे घ्यावा लागला. पुढच्याच महिन्यात सत्यमचा घोटाळा बाहेर आला.

ॲमेझॉनच्या बाबतीतही असे व्यवहार आहेत. कंपनीला उपग्रहांमार्फत इंटरनेट द्यायचं आहे. त्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये तिने तीन कंपन्यांशी मिळून जास्तीत जास्त ८३ रॉकेट उड्डाणांचे करार जाहीर केले. त्या तिघांपैकी एक होती ब्लू ओरिजिन, म्हणजे ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांची स्वतःची कंपनी. विकत घेणाऱ्याच्या खुर्चीवर आणि विकणाऱ्याच्या खुर्चीवर एकच माणूस असला की दर रास्त होता का, हा प्रश्न भागधारक विचारणारच. त्यासाठीच अशा व्यवहारांची माहिती जाहीर करावी लागते.

पण भारतातली गोष्ट यापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. आता १ फेब्रुवारी २०१९ कडे परत जाऊ.

क्लाउडटेल नेमकी कुणाची?

भारताचा नियम असा आहे की परदेशी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन कंपनीने फक्त बाजार भरवायचा. म्हणजे साइट चालवायची, विक्रेत्यांना जागा द्यायची, त्यांच्याकडून शुल्क घ्यायचं. स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा नाही. छोट्या दुकानदारांना संरक्षण मिळावं, हा त्यामागचा हेतू. बाजार समितीने गाळे भाड्याने द्यावेत, पण स्वतः गाळा टाकून कांदे विकायला बसू नये, तसंच काहीसं.

ॲमेझॉन भारतात जून २०१३ मध्ये आली. पुढच्या वर्षी तिने इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांच्या कॅटामरन व्हेंचर्सबरोबर भागीदारी केली. त्यातून प्रायोन बिझनेस सर्व्हिसेस नावाची कंपनी उभी राहिली. तीत ५१ टक्के हिस्सा कॅटामरनचा, ४९ टक्के ॲमेझॉनचा. या प्रायोनची उपकंपनी म्हणजे क्लाउडटेल. बघता बघता क्लाउडटेल ॲमेझॉनच्या भारतातल्या साइटवरची सगळ्यात मोठी विक्रेती झाली. २०२०-२१ मध्ये तिची उलाढाल १६ हजार कोटी रुपयांच्या वर होती.

म्हणजे बाजार ॲमेझॉनचा, आणि बाजारातला सगळ्यात मोठा गाळा अशा कंपनीचा, जिच्या मालकीत अर्ध्याला थोडा कमी हिस्सा ॲमेझॉनचाच.

फ्लिपकार्टनेही हा रस्ता आधी वापरला होता. डब्ल्यूएस रिटेल ही तिच्यावरची सगळ्यात मोठी विक्रेती सुरुवातीला फ्लिपकार्टच्या संस्थापकांशीच जोडलेली होती.

सरकारने दोनदा दोर आवळला. मार्च २०१६ मध्ये सांगितलं, एका विक्रेत्याचा आणि त्याच्या समूहाचा वाटा साइटच्या एकूण विक्रीत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. मग २६ डिसेंबर २०१८ ला 'प्रेस नोट २' आली. साइट चालवणाऱ्या कंपनीचा किंवा तिच्या समूह कंपन्यांचा ज्या विक्रेत्यात भांडवली हिस्सा आहे, त्याला त्या साइटवर विकताच येणार नाही, असं तीत म्हटलं होतं. एखादा विक्रेता आपल्या खरेदीपैकी २५ टक्क्यांहून जास्त माल साइटच्याच समूह कंपन्यांकडून घेत असेल, तर तो माल साइटच्या ताब्यातला मानला जाणार होता. लागू तारीख, १ फेब्रुवारी २०१९.

म्हणून त्या दिवशी माल गायब झाला. शॉपर्स स्टॉपचे कपडेही त्यामुळेच उतरले, कारण तिथेही ॲमेझॉनची ५ टक्के भागीदारी होती.

मग आठवड्याभरात काय झालं? कॅटामरनने प्रायोनमधला आपला हिस्सा ७६ टक्क्यांवर नेला. ॲमेझॉनचा उरला २४ टक्के.

२४ च का? २५, ३० किंवा ४० का नाही?

कारण भारताच्या परकीय गुंतवणूक धोरणात 'समूह कंपनी'ची व्याख्या अशी आहे की एका कंपनीला दुसरीत २६ टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार वापरता आला, किंवा तिच्या निम्म्याहून जास्त संचालकांची नेमणूक करता आली, तर त्या एका समूहातल्या. २४ टक्के म्हणजे त्या रेषेच्या दोन पावलं अलीकडे. प्रायोन आता ॲमेझॉनची समूह कंपनी राहिली नाही, त्यामुळे प्रायोनची क्लाउडटेलही माल विकायला मोकळी झाली.

आता हाच आकडा हिशेबाच्या नियमाला लावून बघा. तिथे रेषा २० टक्क्यांवर आहे. २० टक्के किंवा जास्त मताधिकार असेल, तर उलट पुरावा नसेपर्यंत 'लक्षणीय प्रभाव' आहे असं धरलं जातं. अशी कंपनी 'असोसिएट' ठरते आणि असोसिएट ही रिलेटेड पार्टी असते. असोसिएटची उपकंपनीही त्यातच मोडते.

म्हणजे एकाच देशात, एकाच २४ टक्क्यांचे दोन अर्थ निघतात. हिशेब तपासणारा म्हणेल, हे नातेवाईक आहेत, व्यवहार उघड करा. परकीय गुंतवणुकीचा नियम म्हणेल, हे एका घरातले नाहीत, माल विकू द्या. आणि दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर.

सगळी गोम इथे आहे. २० आणि २६ यांच्या मधल्या फटीत देशातल्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांपैकी एक तीन वर्षांहून जास्त काळ धंदा करत राहिला.

पुढे काय झालं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉयटर्सने ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिलं. त्यानुसार २०१९ च्या सुरुवातीला भारतातल्या साइटवर ४ लाखांहून जास्त विक्रेते होते, पण त्यातल्या साधारण ३५ जणांकडेच दोन तृतीयांश विक्री होती. त्यातही ॲमेझॉनचा अप्रत्यक्ष हिस्सा असलेल्या दोन विक्रेत्यांकडे ३५ टक्के विक्री. आपण भारतीय कायदा पाळतो, कुणाला झुकतं माप देत नाही, असं ॲमेझॉनने सांगितलं.

दरम्यान स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्येच ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली होती. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. ९ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने चौकशी थांबवायला नकार दिला. त्याच दिवशी ॲमेझॉन आणि कॅटामरनने जाहीर केलं की १९ मे २०२२ नंतर ही भागीदारी पुढे चालवायची नाही. या भागीदारीमुळे ३ लाखांहून जास्त विक्रेते ऑनलाइन आले, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. क्लाउडटेलचं दुकान त्यानंतर बंद झालं.

२०२४ मध्ये स्पर्धा आयोगाच्या तपास विभागाचे अहवाल समोर आले. दोन्ही साइट निवडक विक्रेत्यांना झुकतं माप देत होत्या, असा त्यात निष्कर्ष होता. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारलेले आहेत, आणि तपास अहवाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे.

जून २०२१ मध्ये सरकारने ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांचा एक मसुदाही आणला होता. साइटच्या रिलेटेड पार्टींनी थेट गिऱ्हाइकाला विकूच नये, असं त्यात सुचवलं होतं. म्हणजे २६ च्या रेषेऐवजी नात्याची रुंद व्याख्या वापरायची. पण तेव्हा टाटांसारख्या भारतीय समूहांनीच काळजी व्यक्त केली. टाटा आणि स्टारबक्स यांची भागीदारी आहे, मग टाटांच्या साइटवर स्टारबक्सच्या वस्तू विकायच्याच नाहीत का? व्याख्या अरुंद ठेवली तर पळवाट राहते, रुंद केली तर सरळ धंदाही अडकतो. नियम करणाऱ्यांची अडचण ही अशी आहे.

यात आपलं काय जातं?

तुम्ही विक्रेते असाल, म्हणजे नाशिकहून पैठणी किंवा कोल्हापूरहून चपला ऑनलाइन विकत असाल, तर तुमच्या शेजारचा गाळा कुणाचा आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं. साइटकडे सगळ्यांच्या विक्रीची माहिती असते. कुठली वस्तू वर दिसणार, हेही तीच ठरवते. शेजारचा गाळा तिच्याच नात्यातला असेल तर स्पर्धा सारखी राहत नाही.

तुम्ही शेअर घेणारे असाल तर आणखी एक गोष्ट. एकत्रित हिशेब करताना समूहातल्या कंपन्यांचे आपापसातले व्यवहार वजा होतात. एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेले पैसे कमाई धरत नाहीत. पण समोरची कंपनी समूहाच्या जरा बाहेर ठेवली, तर तिच्याकडून आलेलं शुल्क खरी कमाई म्हणून दिसतं. म्हणून कोण समूहात आहे आणि कोण 'नात्यात, पण वेगळं राहतं', हे बघणं गरजेचं.

आणि गिऱ्हाईक म्हणून? स्वस्त माल मिळाला तर आपण खूश असतो, त्यात चूक काही नाही. पण ती स्वस्ताई कुणाच्या तरी नफ्यातून भरली जात असेल, तर समोरची दुकानं बंद झाल्यावरही ती टिकेल का, हा विचार करायला हरकत नाही.

स्वतः कसं तपासाल?

भारतात नोंदलेल्या कंपन्यांसाठी हे काम फुकटात होतं. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर जा, कंपनीचं नाव टाका, तिमाही निकालाची पीडीएफ उघडा. नफातोट्याच्या पानानंतर सेगमेंटचा तक्ता असतो. ब्लिंकिट कसं चाललंय हे बघायचं असेल तर इटर्नल, म्हणजे आधीच्या झोमॅटोच्या निकालात क्विक कॉमर्सचा विभाग बघा. नायकामध्ये सौंदर्यप्रसाधनं आणि फॅशन वेगळी दिसतात. पुण्याच्या फर्स्टक्रायमध्ये भारतातला आणि परदेशातला धंदा वेगळा दिसतो. रिलेटेड पार्टी व्यवहारांची यादी दर सहा महिन्यांनी वेगळी जाहीर होते, आणि वार्षिक अहवालाच्या तळटिपांमध्येही असते.

तक्ता समोर आला की एवढे प्रश्न विचारा:

- नफा कुठल्या विभागातून येतोय? आणि कंपनी ज्या धंद्यासाठी ओळखली जाते, तोच आहे का तो?
- मागच्या वर्षीपेक्षा विभागांची नावं किंवा मोजायची पद्धत बदलली आहे का? बदलली असेल तर जुने आकडे पुन्हा मांडलेत का?
- 'इतर' या रकान्यात किती रक्कम आहे?
- सगळ्यात मोठा पुरवठादार किंवा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नात्यातलं आहे का?
- कुठली भागीदारी २०, २४, २६, ४९ किंवा ५१ अशा आकड्यांच्या आसपास थांबलीये? तिथे कुठल्या तरी नियमाची रेषा असण्याची शक्यता असते.

आणि खरेदी करताना एक साधी सवय. वस्तूच्या किमतीजवळ बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव-पत्ता दाखवणं साइटला बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कुकर मागवाल तेव्हा 'बाय नाउ' दाबायच्या आधी त्या ओळीवर एकदा बोट ठेवा. क्लाउडटेल हे नाव लाखो लोकांनी तिथे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती कुणाची, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.